न चिरणारा पट्टा



पावसाळ्यातली सकाळ. खाली कुणीतरी मोटार सुरू करतं आणि बोनेटमधून एक लांबलचक किंचाळी उठते. अर्ध्या मिनिटात ती विरते, मालक गाडी काढतो आणि निघून जातो. आवाज थांबला की दुखणंही गेलं, असं आपण सोयीस्करपणे धरून चालतो. गॅरेजमध्ये त्या किंचाळणाऱ्या पट्ट्याला अजूनही फॅन बेल्टच म्हणतात. आताच्या बहुतेक मोटारींत पंख्याला विजेची स्वतंत्र मोटर असते, पट्टा पंखा फिरवतच नाही. नाव मात्र सुटलं नाही.

पट्टा सकाळीच का ओरडतो? स्टार्टर फिरवताना बॅटरीतून बरीच वीज गेलेली असते. ती भरून काढायला अल्टरनेटर जोर लावतो, म्हणजे त्याची पुली जड होते. त्यात रात्रीचा ओलावा. जड पुलीवरून ओला पट्टा घसरतो आणि ओरडतो. घसरण्याचं हे प्रकरण मी लहानपणी पिठाच्या गिरणीत पाहिलं होतं. तिथला रुंद सपाट पट्टा सरकायला लागला की गिरणीवाला चालत्या पट्ट्याला राळ लावायचा. पकड लगेच यायची. मोटारीच्या पट्ट्यावर चिकट स्प्रे मारून आवाज बंद करणारे आजचे काही मिस्त्री तोच धडा गिरवतात. पण या पट्ट्यावर तो चिकटा धूळ धरतो आणि दुखणं झाकून टाकतो. पट्ट्यावर साबण किंवा मेणबत्ती घासण्याचंही तेच.

आमच्या घरी एक जुनी फियाट होती. डिकीत स्टेपनी, जॅक आणि एक जादा फॅन बेल्ट असल्याशिवाय वडील नाशिकला निघत नसत. एकदा कसारा घाटात पट्टा तुटला. आधी बॅटरीचा लाल दिवा लागला, मग तापमानाचा काटा चढू लागला, कारण इंजिनात पाणी खेळवणारा पंपही त्याच पट्ट्यावर होता. वडिलांनी गाडी कडेला घेतली, डायनॅमोचे, म्हणजे तेव्हाच्या अल्टरनेटरचे, बोल्ट सैल केले, नवा पट्टा चढवला आणि लोखंडी टॉमीने डायनॅमो बाहेर रेटून बोल्ट आवळले. मग पट्ट्याच्या मधोमध अंगठा दाबला. अर्धा इंच दबला की ताण बरोबर. पट्टा ढिला राहिला तर घसरणार, फार ताणला तर बेअरिंग खाणार. एवढं ज्ञान तेव्हा पुरत असे.

तो पट्टा इंग्रजी व्ही अक्षराच्या छेदाचा होता. खाचेत पाचरीसारखा रुतून बसायचा. एका इंजिनावर असे दोन-तीन पट्टे असत. १९७९ च्या फोर्ड मस्टँगमध्ये या सगळ्यांच्या जागी एकच लांब, चपटा पट्टा आला. आतल्या अंगाला बारीक उभ्या धारा असलेला आणि सगळ्या पुल्यांना सापासारखे वळसे घालणारा. आज आपल्याकडेही बहुतेक गाड्यांत हाच दिसतो. त्याच्या पाठीवर ६ पीके १२०० असं काही छापलेलं असतं. म्हणजे धारा ६, लांबी १२०० मिलिमीटर. ताण ठेवायला बहुधा स्प्रिंगचा टेन्शनर असतो, त्यामुळे अंगठ्याची परीक्षा तिथे बाद.

खरी मेख पुढेच आहे. जुने पट्टे निओप्रीन रबराचे. ते म्हातारे झाले की आडव्या चिरा पडायच्या, तुकडे निघायचे. चिरा दिसल्या की पट्टा बदला, हे ड्रायव्हरांनाही पाठ होतं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ईपीडीएम नावाचं रबर आलं. उष्णता सोसण्यात ते फार सरस, सहसा चिरत नाही, लाखभर किलोमीटर सहज जातं. आपण मात्र अजून चिराच शोधतो! बोनेट उघडायचं, पट्टा काळाभोर अखंड दिसला की समाधानाने बंद करायचं. तो पट्टा टायरसारखा झिजतो. धारांमधल्या खाचा रुंद आणि खोल होतात, पट्टा पुलीत अधिक खाली उतरतो आणि पाचरीची पकड जाते. फक्त पाच-दहा टक्के रबर गेलं तरी तो घसरू लागतो, तापतो, पुढे आणखी वेगाने झिजतो. ही झीज नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ती मोजायला खाचेत बसवून बघायची छोटी प्लॅस्टिकची मापपट्टी मिळते. मिस्त्रीकडे ती आहे का, एवढं विचारायला संकोच करू नका.

आवाजाचंही थोडं सांगतो. चिमणीसारखा तुटक चिवचिवाट आणि लांब किंचाळी या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. इंजिन चालू असताना पट्ट्याच्या धारांच्या बाजूला थोडं पाणी फवारलं आणि चिवचिवाट क्षणभर थांबून परत आला, तर पुल्या एका रेषेत नाहीत. पाण्याने आवाज वाढला, तर पट्टा घसरतोय. टेन्शनर तरी थकलाय किंवा पट्टा तरी. हे काम मिस्त्रीनेच करावं. चालत्या पट्ट्याजवळ ओढणी, सैल बाही, बोटं नकोत. आणि टेन्शनरची बेअरिंग घरघरत असताना नुसता पट्टा बदलणं म्हणजे नवे पैसे जुन्या खड्ड्यात घालणं. मी हे एकदा केलेलं आहे. नवा पट्टा आठ महिन्यांत कडेने उसवला.

चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला, तर आधी तापमानाकडे पाहा. तेही चढत असेल तर पुढचा पेट्रोलपंप गाठायच्या फंदात पडू नका, तिथेच थांबून इंजिन बंद करा. माझ्या आताच्या गाडीच्या डिकीत जादा पट्टा नसतो. ठेवूनही उपयोग नाही, कारण तो बदलायला पुढचं चाक काढून आतलं प्लॅस्टिकचं आवरण सोडावं लागतं. गॅरेजमध्ये पट्टा बदलला की जुना मात्र मी मागून घेतो आणि नव्याच्या शेजारी धरून दोन्हींच्या खाचांवरून नख फिरवतो.