सुट्टी कुणाची?

(तालुक्याच्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून)



आज मी सहलीवर बोलणार आहे हे ऐकून काहीजणी हसल्या. मारहाण, पोटगी, रेशन एवढे प्रश्न समोर असताना सहल कशाला? पण सल्ला केंद्रात येणाऱ्या बाईला मी एक प्रश्न नेहमी विचारते, "शेवटची विश्रांती कधी घेतलीत?" उत्तर येतं ते बाळंतपणाचं, नाहीतर आजारपणाचं. म्हणजे आपल्या विश्रांतीला आधी दुखणं लागतं.

खरं तर विश्रांती हा हक्क आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं २४ वं कलम सांगतं, की प्रत्येक माणसाला विश्रांतीचा, फुरसतीचा आणि ठरावीक काळाने पगारी सुट्टीचा हक्क आहे. पण ज्या कामाला पगारच नाही, त्याची पगारी सुट्टी कोण देणार? २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं, की घरातलं बिनमोल काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं. शिवाय असं काम करणाऱ्या बायका शंभरातल्या ८१, तर पुरुष जेमतेम २६.

गेल्या मार्चमध्ये मी आणि माझा नवरा दोन रात्रींसाठी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला गेलो. निघण्याआधी कामांची यादी केली. मुलीचा डबा, सासूबाईंची औषधं, दूध, गॅस, शेजारी ठेवायची किल्ली. एरवी ही यादी माझ्या डोक्यात असते आणि नवऱ्याची बॅग तेवढी भरलेली असते. या वेळी ती कागदावर आली आणि आम्ही अर्धी-अर्धी वाटून घेतली. भांडण झालंच, पण वाटणी झाली.

वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या हिवाळ्यात अंडी घालायला येतात. पूर्वी ती अंडी लोक उकरून नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणातल्या वाळूत पुरतात, साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात आणि सकाळ-संध्याकाळ ती पाण्याकडे सोडतात. ते पाहायला माणसं येऊ लागली आणि गावातल्या घरांनी दारं उघडली.

आम्ही दोरीमागे उभे होतो. हाताच्या तळव्यावर मावेल एवढं पिल्लू वाळूतून धडपडत लाटेकडे निघालं होतं. मागे कुणीतरी म्हणालं, "कसली ही आई! अंडी टाकली आणि गेली." सगळे हसले. अहो, मादी एकटी किनाऱ्यावर येते, खड्डा खणते, शंभरेक अंडी घालते, वाळूने झाकते आणि मग परतते. नर तर किनाऱ्यावर येतही नाही. त्याच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही! आईपणाचा ठपका आपण कासवीलाही सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी बाणकोटचा किल्ला पाहिला, फेरीबोटीने खाडी ओलांडून हरिहरेश्वरला गेलो. दोघंही खूष होतो. संध्याकाळी परतलो तेव्हा घरच्या वहिनी पंधरा पाहुण्यांसाठी मोदक वळत होत्या. त्यांना विचारलं, "यंदा पिल्लं पाहिलीत?"

त्या म्हणाल्या, "सकाळी सोडतात तेव्हा तुमचा चहा-पोहे, संध्याकाळी सोडतात तेव्हा जेवणाची तयारी. कधी बघू?"

किनारा घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. पाहुण्यांचे पैसे कुणाकडे येतात, हेही मी विचारलं. "ह्यांच्या फोनवर," त्या म्हणाल्या. "आगळ आणि कुळथाचं पीठ विकते, ते तेवढे माझे." हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. गावात पैसा आला हे चांगलंच झालं, पोरं मुंबईला जायची थांबली तर आणखी चांगलं. पण राबणारे हात एकीचे आणि खातं दुसऱ्याचं, हे जुनंच गणित तिथेही चालू आहे.

मी दोन दिवस चुलीपासून सुटले ती दुसरीने चूल सांभाळली म्हणून. म्हणून सुट्टीला जाऊ नये असं मी म्हणत नाही. जरूर जावं! मात्र काही गोष्टी आपल्या हातात आहेत, त्या गटागटांत बोलाव्यात. निघण्याआधीची आणि परतल्यावरच्या धुण्याचीही यादी घरात वाटून घ्यावी. जिथे राहू तिथल्या बाईशी बोलावं, जेवण साधं चालेल असं आधीच कळवावं आणि पैसे तिच्या हातात देण्याचा आग्रह धरावा. जिथे आपले बचत गट पाहुण्यांची सोय करतात, तिथे प्रत्येकीच्या नावावर हिस्सा जमा व्हावा आणि प्रत्येकीला आळीपाळीने एक सकाळ मोकळी मिळावी.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपली शेवटची सुट्टी कोणती आणि त्या दिवशी स्वयंपाक कुणी केला, एवढं सांगायचं आहे. तिथूनच चर्चा सुरू करू.