हुंडणावळीतले दोन पेन्स
(जिल्हा बैठकीतील भाषण)



भावाचा विषय निघाला की आपण अडत, हमाली, मापातली मारामारी, आधारभूत किंमत यांवर बोलतो. आज आम्ही एका वेगळ्या काट्याविषयी बोलणार आहोत. तो बाजार समितीत नसतो आणि जिनिंगमध्येही नसतो. एका पौंडाला किती रुपये आणि एका डॉलरला किती रुपये, हे ठरवणारा तो काटा. जुनी माणसे त्याला हुंडणावळ म्हणत. तुमच्या कापसाच्या पट्टीवर हुंडणावळ कुठेच लिहिलेली नसते. पण पट्टीतला आकडा पुष्कळदा तीच ठरवते.

गोष्ट चांदीपासून सुरू होते. रुपया एक तोळा वजनाचा, चांदीचा असे आणि कोणीही चांदी टाकसाळीत नेऊन रुपये पाडून घेऊ शके. १८७० च्या सुमारास रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग, म्हणजे २४ पेन्स मिळत. पुढे जगात चांदी स्वस्त झाली आणि रुपया उतरत गेला. कापूस, गहू, गळिताचे धान्य परदेशी जाई, त्याला रुपयात भाव बरा मिळू लागला. दुखू लागले ते सरकारला. कर्जाचे व्याज, साहेबांची पेन्शने असा विलायतेचा खर्च त्याला पौंडात पाठवावा लागे, आणि तेवढ्याच पौंडाला जास्त रुपये पडू लागले. मग २६ जून १८९३ रोजी सरकारने टाकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. रुपयाची टंचाई झाली, रुपया चढला आणि १८९८ साली १६ पेन्सवर आला. पौंडाला १५ रुपये, असा हिशेब बसला.

याच वर्षांत दोन मोठे दुष्काळ पडले. आपल्या आज्या-पणज्यांची बँक म्हणजे अंगावरचे वाळे, गोठ, पाटल्या. पूर्वी तोळाभर चांदी मोडली की रुपयाच्या आसपास हाती येई. टाकसाळ बंद झाल्यावर त्याच चांदीचे १८९९ च्या सुमारास जेमतेम दहा-अकरा आणे होत. घरावर दरोडा पडला नाही, चोरही आला नाही, तरी डब्यातल्या चांदीचा तिसरा हिस्सा गेला. तो कोणी नेला हे त्या बायांना कधी कळलेच नसेल.

पहिल्या महायुद्धात चांदी चढली. १९१९ च्या अखेरीस रुपया २८ पेन्सपर्यंत गेला. सरकारने तो सोन्याच्या दोन शिलिंगांवर टांगून ठेवण्याचा खटाटोप केला, आणि १९२१ साली तो १६ च्याही खाली आपटला. एवढी उलथापालथ झाल्यावर १९२६ साली हिल्टन यंग आयोगाने शिफारस केली की दर कायमचा १८ पेन्स करावा. आयोगात मुंबईचे कापूस व्यापारी सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास होते. त्यांनी वेगळी टिपणी जोडून १६ पेन्सचा आग्रह धरला. मार्च १९२७ मध्ये कायदा झाला, तो १८ पेन्सचा.

दोन पेन्सने काय होते? हिशेब करू. लिव्हरपूलला रुईचे पाच पौंड आले असे धरा. १६ पेन्सच्या दराने त्याचे ७५ रुपये होतात. १८ पेन्सच्या दराने ६६ रुपये १० आणे ८ पै. सव्वाआठ रुपयांवर पाणी सुटले. तिकडे शेतसारा रुपयात बांधलेला आणि सावकाराच्या वहीतली रक्कमही रुपयात. त्यात एक पैही कमी नाही. सरकारला मात्र विलायतेला पैसे पाठवायला कमी रुपये लागले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रुपया चढला की रॉकेल, कापड, बाहेरून येणारा माल स्वस्त होतो, हे सरकारचे म्हणणे खोटे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ च्या रुपयावरील ग्रंथात आणखी खोलवरचा मुद्दा मांडला: रुपया उतरल्याने मालकाला होणारा नफा हा मजुराच्या खऱ्या मजुरीतून येतो, कारण महागाई वाढते तशी मजुरी वाढत नाही. आपल्या सभेत निंदणी-वेचणीला जाणाऱ्या बहिणी बसल्या आहेत, तेव्हा ही गोष्ट झाकून ठेवण्याचे काम आम्ही करणार नाही. भाव वाढला तर मजुरीही वाढली पाहिजे.

जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यांत मीठ होते, शेतसारा निम्मा करणे होते आणि दर १६ पेन्सवर आणणेही होते. मिठाचे सर्वांना आठवते. सोळा पेन्सचे कोणाला आठवत नाही! सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सोने सोडले, तरी आपला रुपया १८ पेन्सलाच बांधून ठेवला. मंदीत भाव कोसळलेले, आणि घराघरांतले सोने विकले जाऊन बोटीने बाहेर गेले.

आता खरी आश्चर्याची गोष्ट. गोरा साहेब गेला, १८ पेन्स राहिले. १९४९ साली पौंड उतरला तसा रुपयाही उतरवला, म्हणून दोघांमधला दर तोच राहिला. तो मोडला ६ जून १९६६ रोजी. पौंड १३ रुपये ३३ पैशांवरून २१ रुपये झाला, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात. म्हणजे ज्या दराविरुद्ध गांधीजींनी मागणी केली, तो स्वराज्यातही एकोणीस वर्षे चालला. पुढेपुढे परवान्यांची भिंत घालूनच तो टिकवावा लागला. परवानावाल्या कारखानदाराला स्वस्त डॉलरने यंत्रे मिळाली. ज्याचा माल बाहेर जाई त्याला मात्र महाग रुपया म्हणजे कायद्यात न लिहिलेला निर्यात कर होता. १९६६ साली रुपया उतरवला, तेव्हा चहा-तागावर लगेच उघड निर्यात कर बसवला. एका हाताने दिले आणि दुसऱ्याने काढून घेतले.

जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत डॉलर सुमारे २१ वरून २६ रुपयांवर गेला. पण त्या काळात कापसाची निर्यात कोट्याने होई, आणि महाराष्ट्रात एकाधिकार खरेदी होती. दर आपल्या बाजूने झुकला आणि फाटक बंदच राहिले. पुढेही तेच. एप्रिल २०१० आणि मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात रोखली, डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची. डिझेल मात्र उतरत्या रुपयाच्या भावाने घ्यावे लागते, त्याला फाटक नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन कागद आणावेत. एक कापूस विकल्याची पट्टी, आणि दुसरे त्याच तारखेच्या वर्तमानपत्रातले डॉलरच्या दराचे कात्रण. दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी लावून हिशेब करू. पट्ट्या नसतील तर या हंगामापासून जपून ठेवायला लागा.