पोटातल्या बाळाचे ठोके



अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत आपल्या किनाऱ्यावरचा कोणताही नाखवा एंजिनाचा आवाज ऐकून ओळखतो, की होडीत काही बिघडले आहे. पोटातल्या बाळाचे ठोकेही असेच बोलतात. ते ऐकायचे काम नर्सबाईंचे. पण वेळेवर त्यांच्यापर्यंत पोहोचायचे काम तुम्हा दोघांचे.

आधी आपल्या मनगटाची नाडी बघा. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा उडते. पोटातल्या बाळाचे ठोके मात्र ११० ते १६० पडतात. म्हणून ते भरभर ऐकू आले, तर घाबरू नका. बाळ हलले की ठोके थोडे वाढतात, तेही चांगलेच.

सहावा महिना सरला, की नर्सबाई कर्ण्यासारखी नळी पोटाला लावून ठोके ऐकतात. डॉप्लर यंत्रावर ते चौथ्या महिन्यातही ऐकू येतात. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचे असतात. "बाई, ठोके किती?" असे विचारा, त्यात लाज कसली? ठोके फार कमी किंवा फार जास्त असले, तर त्या पुन्हा मोजतात, आईला ताप आहे का ते बघतात आणि गरज पडल्यास मोठ्या दवाखान्यात पाठवितात. अशा वेळी "उद्या बघू" म्हणू नका.

आता दोन तपासण्यांच्या मधले दिवस. तेव्हा बाळाची खूण एकच, त्याची हालचाल. ती पाचव्या महिन्याच्या सुमारास कळू लागते. ताई, तुमच्या बाळाची रोजची सवय तुम्हालाच ठाऊक. 'दिवस भरत आले, की बाळ कमी हलते' असे कोणी सांगेल. ते खरे नाही. हालचाल कमी झाली किंवा थांबली, अंगावरून रक्त वा पाणी गेले, तर रात्र असो की पाऊस, लगेच निघा. मोबाइलवर किंवा घरच्या यंत्रावर ठोके ऐकून थांबू नका. त्यात आईचीच नाडी ऐकू येऊ शकते.

आणखी एक. ठोक्यांवरून मुलगा की मुलगी, हे कळत नाही. गर्भलिंग तपासणीला तर १९९४ च्या कायद्याने बंदी आहे.

दादा, समुद्रावर जाण्याआधी गाडी कोणाची, सोबत कोण, हे ठरवून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा १०२ हे नंबर दारामागे लिहा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी एकदा तरी दोघे मिळून जा आणि आपल्या बाळाचे ठोके दोघेही ऐका.

ठोके विचारा, हालचाल ओळखा, वेळ दवडू नका!