कुंकळ्ळीचा धूर

गोव्याच्या पेयांचा विषय निघाला म्हणजे पुण्याच्या सुशिक्षित गृहस्थास काजूची फेणी तेवढी आठवते. मडगावच्या दक्षिणेस कुंकळ्ळी येथे बंगळूरच्या जॉन डिस्टिलरीज या कंपनीची भट्टी आहे आणि तिची ‘पॉल जॉन’ ही व्हिस्की २०१२ साली प्रथम लंडनच्या बाजारात उतरली, हे त्याच्या गावीही नसते. परदेशच्या जाणकारांनी तिची वाखाणणी केली; स्वदेशी मात्र ती अद्याप उपेक्षितच म्हटली पाहिजे.

या उपेक्षेचे कारण निव्वळ अज्ञान नव्हे. हिंदुस्थानात व्हिस्की या नावाने जे विकले जाते, त्याचा बराच मोठा भाग उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काचा असतो. युरोपात धान्यावाचून केलेल्या अर्कास ते नाव लावता येत नाही. मळी आणि जव अशी एकाच नावाखाली शेजारी बसली, म्हणजे जवाची किंमतही मळीच्या भावाने होऊ लागते!

कुंकळ्ळीस वापरतात ते जव देशी, सहा रांगांच्या कणसाचे. स्कॉटलंडात पसंत असलेल्या दोन रांगांच्या जवाहून याचा दाणा बारीक व पिष्टांश कमी. साहजिकच अर्कही कमी उतरतो. धूर मात्र परका आहे. दलदलीत शेकडो वर्षे कुजून साचलेल्या शेवाळगवताच्या थरास पीट म्हणतात. तो कापून, सुकवून, मोड आणलेले जव वाळविताना जाळतात व त्याचा धूर दाण्यात मुरतो. हे जळण स्कॉटलंडहून आणवितात. ‘बोल्ड’ या प्रकारासाठी तर आयला बेटावरचे.

मग यात गोव्याचे ते काय, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचे उत्तर हवेत आहे. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातील अर्क दरसाल सुमारे २ टक्के उडून जातो. गोव्याच्या उकाड्यात ८ टक्क्यांच्या आसपास. या हिशेबाने १२ वर्षांनी पिंपात जेमतेम ३७ टक्के उरेल. म्हणून येथे इतका दीर्घ काळ थांबणे परवडत नाही, आणि बहुतेक बाटल्यांवर वयही छापलेले नसते. वयाच्या आकड्यावरून प्रतिष्ठा ठरविणारा ग्राहक नेमका येथेच चकतो. कारण ज्या उष्णतेने तोटा होतो, तीच ओकच्या लाकडाचा गोडवा झपाट्याने अर्कात उतरविते. आयलाच्या कित्येक व्हिस्कींत धुराबरोबर आयोडिनसारखा औषधी दर्प येतो. ‘बोल्ड’मध्ये धुरामागून मधाची व मसाल्याची ऊब येते. उसन्या धुराचे असे रूपांतर करणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

पुण्यात अशा गोष्टींची उघड वाच्यता फारशी होत नाही, हेही खरे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालील परवाना महाराष्ट्रात आजही लागतो. आणि पाहुण्यापुढे ठेवावयाची बाटली निवडताना विलायती नावाचा मोह सुटत नाही. ‘बोल्ड’मध्ये ४६ टक्के मद्यार्क असतो. चार थेंब पाणी घातले की धूर किंचित मागे सरतो आणि जवाची गोडी पुढे येते.