गणेशवेल : बीपासून बीपर्यंत



बीज कसे अंकुरते, हा पाठ प्राथमिक शाळेत दरवर्षी शिकविला जातो व मुले तो मुखोद्गतही करतात. परंतु मातीतून वर येणारा अंकुर ज्याने स्वतः पाहिला नाही, त्याचे ज्ञान परीक्षेपुरतेच राहते. हा पाठ शाळेच्या अंगणात शिकविण्यास गणेशवेल हे फार सोयीचे साधन होय. ही वेल मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील, रताळ्याच्या कुळातील व एकाच हंगामाची आहे. पावसाळ्याच्या आरंभी पेरल्यास दिवाळीच्या सुमारास तिचे बी हाती येते. एवढ्या अवधीत तिचे सर्व जीवन मुलांस पाहावयास मिळते.

या बीचे कवच कठीण असल्यामुळे पाणी आत लवकर शिरत नाही. यास्तव शिक्षकाने वीस बिया घ्याव्यात. दहा रात्रभर कोमट पाण्यात भिजवाव्यात व दहा कोरड्याच ठेवाव्यात. सकाळी भिजलेल्यांपैकी जी फुगली नसेल, ती खरबरीत दगडावर हलकेच घासून पुन्हा भिजवावी. नंतर दोन ओळींत, सुमारे एक सेंटिमीटर खोल, वीतभर अंतरावर पेरणी करावी. जागा दिवसातून निदान पाच-सहा तास उन्हाची असावी. काळ्या जमिनीत पाणी साचते, म्हणून वरंबा करून त्यावर पेरावे. कोणत्या ओळीत पहिला अंकुर कधी दिसला, हे मुलांनीच वहीत टिपावे.

प्रथम येणारी दोन बीजपत्रे मधोमध खोल दुभंगलेली असतात. त्यानंतरची पाने पिसासारखी बारीक चिरलेली असतात. हा फरक आधी सांगितला नाही, तर तण समजून मुले रोपेच उपटून टाकतात.

कित्येक शिक्षक प्रत्येक मुलास एकेक बी नेमून देतात. ही पद्धत चांगली आहे; मात्र एखाद्याचे बी उगवत नाही व तो मुलगा हिरमुसतो. अशा वेळी गुपचूप दुसरे रोप आणून त्याच्या जागी लावण्याचा मोह शिक्षकास होतो. तो टाळावा. पंधरा दिवस वाट पाहून त्या मुलासमवेतच माती उकरावी. बी जसेच्या तसे कठीण आहे काय? फुगून कुजले आहे काय? की मुंग्यांनी नेले आहे? कारण सापडले म्हणजे त्याच्याच हातून दुसरे बी पेरवावे. ज्याचे पहिले बी उगवले नाही, त्या मुलास अंकुरणाचा पाठ इतरांहून अधिक समजलेला असतो.

रोप वीतभर होताच सुतळी किंवा तुराट्यांचा आधार द्यावा. शेंडा नेहमी एकाच दिशेने वेढे घेतो. मुलांनी तो अलगद सोडवून उलट गुंडाळावा व तो पुन्हा आपल्याच दिशेस कसा वळतो, ते पाहावे. खत बेताचेच घालावे. फार खताने वेल पानांनी भरते, फुले मात्र थोडी येतात.

सुमारे दोन महिन्यांत चांदणीच्या आकाराची, लांब नळीची लाल फुले सकाळी उमलू लागतात. मधासाठी शिंजीर येतो. पुढे लहान बोंडे धरतात व प्रत्येकात बहुधा चार बिया असतात. बोंडे तपकिरी होताच ती फुटण्यापूर्वी गोळा करावीत. ही वेल आपोआप पसरून तणासारखी माजते. म्हणून नको असलेली रोपे वेळीच काढावीत. बी पोटात गेल्यास अपाय होतो, हे मुलांस प्रथमच बजावावे.

वाळलेले बी कागदाच्या पुडीत घालून वर तारीख लिहावी. चौथीची मुले शाळा सोडताना ती पुडी तिसरीच्या मुलांच्या स्वाधीन करतील, अशी प्रथा प्रत्येक शाळेने पाडावी. पुडीबरोबर आपली वहीही द्यावी. कोणते बी उगवले नाही व का, हे त्या वहीत लिहिलेले असले, तर पुढील वर्गाची पेरणी अधिक शहाणपणाने होईल.