अडीच ते चार



घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायचं म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "माइक कुठला घेऊ?" मी विचारते, "घरात माणसं किती, आणि कुकर किती वाजता लागतो?"

आमचं घर डोंबिवलीतलं, दोन खोल्यांचं. माणसं सहा. सुरुवातीला आम्ही घराचा दिवस कागदावर मांडला: पाण्याचा पंप, शिकवणीची मुलं, संध्याकाळच्या मालिका. त्यातून दुपारी अडीच ते चार एवढीच शांतता हाती लागली. ती सगळ्यांनी मान्य केली आणि दारावरची बेल बंद करायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. स्टुडिओ उभा राहिला तो तेव्हाच, असं मी मानते. १९०२ साली फ्रेड गाइसबर्ग यांनी कलकत्त्यात गोहरजान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, तेही हॉटेलच्या खोलीत तात्पुरती सोय करूनच.

आता माइक. कंडेन्सर माइकला सहसा ४८ व्होल्टची वीज द्यावी लागते. तो गळ्यातली बारीक हरकतही टिपतो, पण शेजारचा मिक्सरही टिपतो. गजबजलेल्या घरात साधा डायनॅमिक माइक बरा. तो ओठांपासून चार बोटांवर ठेवा. अंतर निम्मं केलं की आपला आवाज सुमारे ६ डेसिबलनं वाढतो. घरातला गलका आहे तेवढाच राहतो.

अशा बहुतेक माइकना पाठीमागचं कमी ऐकू येतं. म्हणून माइकची पाठ स्वयंपाकघराकडे हवी, आणि गोधडी टांगायची ती गाणाऱ्याच्या मागे. पुष्कळजण ती माइकच्या मागच्या भिंतीवर लावतात. पण माइक बघत असतो गाणाऱ्याकडे आणि त्याच्या पाठच्या भिंतीकडे! आईच्या जुन्या नऊवारींची गोधडी आम्ही भिंतीपासून वीतभर पुढे, दोरीवर टाकली. आधी टाळी वाजवली की खोली टणटणायची. आता टाळी जागच्या जागी विरते. अंड्यांचे ट्रे मात्र कृपा करून चिकटवू नका. त्यांनी बाहेरचा आवाज अडत नाही आणि ते चटकन पेट घेतात.

पंखा बंदच ठेवायचा. मे महिन्यात आम्ही एक कडवं गातो, पंखा लावतो, घाम पुसतो, मग पुढचं कडवं. तानपुरा हेडफोनमधून ऐकायचा, नाहीतर तोही माइकमध्ये शिरतो. घरघर येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. पुष्कळदा तेवढ्यानं ती थांबते.

मागच्या वर्षी याच गोधडीपुढे बसून सासूबाईंनी जात्यावरच्या चौदा ओव्या म्हटल्या. नवव्या ओवीच्या मागे शेजारच्या कुकरची शिट्टी आहे. ती मी काढलेली नाही. ओवी त्यांना पुन्हा तशी म्हणता आली नाही.

तुमच्या घरात अशा ओव्या पाठ असलेलं कुणी असेल, तर यंत्रं येईपर्यंत थांबू नका. पंखा बंद करा, फोन त्यांच्याजवळ धरा आणि आजच रेकॉर्ड करा.