मूर्तिजापूर : शकुंतलेचं गाव

अकोला जिल्ह्यातलं मूर्तिजापूर हे तालुक्याचं गाव. भोवतालच्या खेड्यांचा बाजार, कोर्ट, दवाखाना, कापूस विकणं, सगळं इथंच. पण या गावाचा स्वभाव घडवला तो रेल्वेनं. मुंबई-नागपूर मोठ्या मार्गावरचं हे जंक्शन. इथूनच शकुंतला ही अडीच फुटी रुळांवरची गाडी एकीकडे अचलपूरला, दुसरीकडे यवतमाळला जायची. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरापर्यंत न्यायला हे रूळ टाकले.

कापसासाठी आलेली ही गाडी पुढे माणसांची झाली. लाखपुरी, बनोसा, अंजनगाव, पथ्रोट. वाटेतल्या कितीतरी स्टेशनांवर मास्तरच नव्हता. गार्डच खाली उतरून तिकिटं द्यायचा, फाटक आलं की गाडी थांबवून तेही लावायचा. डब्यात भाजीच्या टोपल्या, माहेरी निघालेल्या लेकीबाळी, एस.टी.चं भाडं न परवडणारे मजूर. 1921 साली मँचेस्टरला तयार झालेलं वाफेचं इंजिन 1994पर्यंत राबलं, मग डिझेल आलं. आता दोन्ही फाटे बंद आहेत. रूळ रुंद व्हावेत ही मागणी जुनी आहे आणि ती अगदी रास्त आहे.



तुमच्या घरात शकुंतलेनं प्रवास केलेलं कुणी वडीलधारं असेल, तर त्यांच्या आठवणी आजच लिहून घ्या.